वॉलकंपाउंडवरचा ओझू

"काल रात्री दीडपर्यंत तुझ्या हॉलचा लाइट जळत होता. काय करून राहिली होती?"

काकूंच्या गप्पांची सुरुवात अशी पंचनाम्यानेच होते. वेळ संध्याकाळी साडेसातची. नवतपा सुरू आहे, पारा पंचेचाळिसाच्या आसपास. दिवसभर सगळा लेआउट कूलरसमोर पडलेला असतो आणि अंगणात पाण्याचा सडा पडला, मातीचा वास सुटला, की माणसं एकेक करून बाहेर निघतात. आमच्या दोन घरांमध्ये साडेतीन फुटांचं वॉलकंपाउंड आहे. नागपुरात कुंपण कुणी म्हणत नाही, नुसतं कंपाउंडही म्हणत नाही, वॉलकंपाउंडच म्हणतात. त्यावर कोपर टेकून बोलायला ही उंची अगदी बेतशीर. पलीकडे काकू वाळलेल्या कुरडया डब्यात भरत असतात, अलीकडे मी त्यांचाच कढीपत्ता तोडत असते.

"सिनेमा पाहत होते, काकू."

"कोणता?"

"जपानी."

"तुले जपानी येते?"

"नाही. खाली इंग्रजीत लिहून येतं."

"म्हणजे वाचत होती म्हण न. पाहत कुठे होती?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"बरं, सांग," काकू म्हणाल्या.

"यासुजिरो ओझू नावाचा एक दिग्दर्शक होता. त्याचा 1953 सालचा..."

"नाव राहू दे. कायले पाहिजे नाव? गोष्ट सांग."

काकूंचं हे पहिल्यापासूनचं आहे. मी दिग्दर्शकापासून सुरुवात करते आणि त्या मला ओढून गोष्टीवर आणतात. हा प्रकार मागच्या उन्हाळ्यापासून चालू आहे आणि सुरू झाला तो सायकलीमुळे.

त्या दिवशी काका सांगत होते की त्यांची पहिली सायकल बर्डीवरून चोरीला गेली, नोकरी लागून तीन महिने झाले होते तेव्हा. मी सहज म्हटलं, यावर तर जगातला एक थोर सिनेमा आहे. 'बायसिकल थीव्ह्ज', 1948 चा, इटलीचा, व्हित्तोरिओ दे सिकाचा. महायुद्धानंतरचं रोम. माणसाला कशीबशी नोकरी मिळते, भिंतीवर पोस्टरं चिकटवण्याची. पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. मग बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते.

"अंगावरच्या चादरी?"

"अंगावरच्या, काकू. सगळ्या."

काकूंचा हात थांबला. पहिल्याच दिवशी, रिटा हेवर्थचं पोस्टर चिकटवत असताना, सायकल चोरीला जाते. मग बापलेक अख्खा रविवार रोममध्ये ती शोधत फिरतात. सापडत नाही. शेवटी बाप स्वतःच एक सायकल पळवतो आणि पोराच्या डोळ्यांदेखत लोकांच्या हाती लागतो. लोक सोडून देतात. पोरगा बापाचा हात धरतो. दोघं गर्दीत मिसळून जातात.

"बस? सायकल भेटलीच नाही?"

"नाही."

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "माझीही नाही भेटली." आणि आत निघून गेले. काकूंनी मग मला हळू आवाजात सांगितलं की ती सायकल त्यांच्या माहेरच्या पैशातून घेतली होती आणि काकांनी चोरीची गोष्ट घरी आठ दिवस सांगितलीच नव्हती. पायी जायचे हापिसात. इतक्या वर्षांच्या शेजारात हे मला पहिल्यांदा कळलं, आणि कळलं ते दे सिकामुळे.

या सिनेमाची पुढची गंमत मी दुसऱ्या दिवशी सांगितली. हॉलिवूडचा बडा निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता, पण नायक कॅरी ग्रँट हवा म्हणाला.

"तो कोण?"

"समजा, देव आनंद."

"अव बाप्पा! देव आनंदची सायकल गेली तर तो टॅक्सीने जाईल न!"

दे सिकालाही बहुधा तेच वाटलं असावं. त्याने लँबेर्तो माज्जोरानी नावाचा एक कारखान्यातला कामगार धरला आणि त्याच्याकडून काम करून घेतलं. 1952 साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला तेव्हा हा सिनेमा तिथे दाखवला गेला आणि आपल्याकडच्या भल्याभल्यांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' आला. बलराज साहनींची ती रिक्षा ओढण्याची शर्यत काकूंना फ्रेम न् फ्रेम आठवते. "म्हणजे ही त्याचीच जाऊ," असा नातेसंबंध त्यांनी तिथल्या तिथे लावून टाकला.

त्या दिवसापासून मी काहीही पाहिलं की दुसऱ्या दिवशी वॉलकंपाउंडवर हजेरी.

गप्पांना हळूहळू माणसं वाढली. मागच्या गल्लीतले भाऊ येऊ लागले. सरकारी नोकरीतून निवृत्त, तोंडात खर्रा, कुरोसावाचे भक्त. भाऊंना सिनेमाचा इतिहास चौकांवरून पाठ आहे. ते म्हणतात, "मुंबईवाले स्टेशनवरून पत्ता सांगतात, पुणेवाले पेठेवरून. आपण टॉकीजवरून. व्हरायटी चौक, आनंद टॉकीज, पंचशील चौक, अलंकार टॉकीज. ऑटोवाल्याच्या पोट्ट्याने कधी व्हरायटीत सिनेमा पाहिला नाही, पण चौक त्याले बरोबर माहीत आहे."

भाऊंनी एकदा 'इकिरू' सांगायला घेतला. कुरोसावा, 1952. एका शहराच्या कचेरीतला विभागप्रमुख, वातानाबे नावाचा. तीस वर्षं नोकरी, एकही सुट्टी नाही आणि केलेलं काम काहीही नाही. नुसते शिक्के. मोहल्ल्यातल्या बायका अर्ज घेऊन येतात की आमच्याकडे सांडपाण्याचं डबकं आहे, ते बुजवा, पोरांना खेळायला जागा करून द्या. त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून तिसऱ्या मजल्यावर, असं फिरवून पुन्हा पहिल्या टेबलावर आणून सोडतात.

"जपानमध्येही?" काकूंना मनापासून आनंद झाला.

मग त्या माणसाला कळतं की पोटाचा कॅन्सर आहे, थोडेच महिने उरलेत. आधी तो दारू पितो, नाचगाणी पाहतो, कशात मन लागत नाही. शेवटी तो त्या बायकांचा अर्ज शोधून काढतो आणि त्या एका बागेच्या मागे लागतो. साहेबांच्या दारात तासन्‌तास बसतो, अपमान गिळतो, गुंडांना भीत नाही. बाग होते. बर्फ पडत असताना तिथल्या झोक्यावर बसून तो गातो आणि मरतो.

"आणि खरी मजा पुढे आहे, वहिनी," भाऊ म्हणाले. "बराच सिनेमा उरला असताना कुरोसावा हिरोले मारून टाकते. मग त्याच्या तेरवीले म्हणा, सगळे हापिसातले लोक बसतात आणि भांडतात की बाग नेमकी कुणामुळे झाली. पिऊन शपथा घेतात की आता आपणही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी हापीस उघडते, आणि पुन्हा तेच."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे पाहिलं. हा लेआउट पडला तेव्हापासून तिथे बगिच्यासाठी राखीव जागा म्हणून पाटी आहे. पाटीचा रंग उडाला, गाजरगवत कमरेएवढं झालं.

"भाऊ, तुम्ही पस्तीस वर्षं सरकारी खुर्चीत होते. तुम्ही किती बागा केल्या?"

भाऊ दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हातात अर्ज घेऊन. वॉलकंपाउंडवर कागद ठेवूनच बावीस घरांच्या सह्या झाल्या. अर्ज सध्या दुसऱ्या टेबलावर आहे. गाजरगवत मात्र भाऊंनी पोट्टे लावून काढून घेतलं, एवढी कुरोसावाची आमच्या लेआउटला मदत. अलीकडे इंग्रजांनी याच गोष्टीवर 'लिव्हिंग' काढला, 2022 मध्ये. पटकथा काझुओ इशिगुरोंची, मुख्य काम बिल नायचं. भाऊंनी तो पाहिला. मत विचारलं तर म्हणाले, "सूट चांगला शिवला आहे." बाकी काही बोलले नाहीत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी राहतो, स्पर्धा परीक्षेचा. त्याला कोरियन सिनेमांचं वेड. त्याने एका संध्याकाळी जिन्यावर बसून बाँग जून-होचा 'पॅरासाइट' सांगितला. 2019 चा, कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. पुढच्या वर्षी ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि इंग्रजी नसलेल्या सिनेमाला तो मान पहिल्यांदाच मिळाला. गरीब कुटुंबातला मुलगा श्रीमंताच्या घरी शिकवणी धरतो, मग बहिणीला आणतो, मग बापाला ड्रायव्हर म्हणून, आईला स्वयंपाकाला. मालकाला पत्ताच नाही की हे सगळे एकाच घरचे. आणि त्या बंगल्याच्या तळघरात आणखीच कुणी राहत असतं.

पोट्टा वर्गभेद, पायऱ्यांचं प्रतीक, पावसाचं पाणी वरून खाली कसं वाहतं, असं खूप छान बोलला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणून मी म्हणते, किरायाने देताना आधी गावाकडून चौकशी करावी."

मग त्याच्याकडे पाहून, "तुझी केली होती."

एकदा काकू वैतागल्याही. "सारं चांगलं परदेशातच होते का? आपल्याकडचं काही सांगाल की नाही?" भाऊंना तेच हवं होतं. खर्रा थुंकून आले आणि 'कोर्ट'वर सुटले. चैतन्य ताम्हाणेचा पहिलाच सिनेमा. 2014 ला व्हेनिसच्या महोत्सवात 'होरायझन्स' विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट, मग राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताकडून ऑस्करला. त्यातला म्हातारा लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपले नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, 'विद्रोही'चे संपादक. गटारात उतरलेल्या कामगाराचा मृत्यू होतो आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्याने जीव दिला, असा आरोप. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने साथीदार गेले.

"तो पाहिला मी," काकू म्हणाल्या. "त्यात कोर्टात कुणी ओरडतच नाही. तारीख देतात आणि उठतात. आमच्या शेताची केस एकवीस वर्षं अशीच चालली. ते पोरगं खरं बोलते."

समीक्षकांनी या सिनेमावर पानंच्या पानं लिहिली. काकूंची चार वाक्यं मला त्यांच्या पंगतीत बसणारी वाटतात. पाठोपाठ वरच्या पोट्ट्याने 'झुंड'चा विषय काढला. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावर नागराज मंजुळेंनी 2022 मध्ये सिनेमा आणला. अमिताभ बच्चन होते, पण पडदा खाल्ला तो नागपूरच्याच पोट्ट्यांनी. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचं फिल्मफेअरही मिळालं. माज्जोरानीला कारखान्यातून उचलून आणणारा दे सिका आणि बस्तीतून पोरं उचलून आणणारा मंजुळे, हे दोघं एका वॉलकंपाउंडचे शेजारी आहेत, असं मी म्हटलं. काकूंनी मान डोलावली. नाव मात्र दोघांचंही लक्षात ठेवलं नाही.

तर त्या संध्याकाळी मी 'टोकियो स्टोरी' सांगत होते. लहान गावातले म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला जातात. थोरला डॉक्टर, पण गल्लीतला, त्याला पेशंटमधून फुरसत नाही. मुलीचं ब्यूटी पार्लर. जावई बिचारा सासूसासऱ्यांसाठी गोड खाऊ घेऊन येतो, तर मुलगी म्हणते, एवढा महागाचा कशाला आणला.

"आहे. आहे अशी," काकू म्हणाल्या. कोण ते विचारायची सोय नव्हती, पलीकडच्या घरातल्या खिडक्या उघड्या होत्या.

मुलं मग वर्गणी काढून आईबापांना गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावी पाठवून देतात. दिसायला कौतुक, मनात सुटका. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. खरं पाहते ती विधवा सून. युद्धात मुलगा गेलेला, हिचं या घराशी नातं म्हटलं तर संपलेलं. पण रजा काढून टोकियो दाखवते ती, आणि सासूचे खांदे दाबून देते ती. गावी परत गेल्यावर म्हातारी आजारी पडते आणि जाते. मुलं येतात, रडतात. जेवायला बसतात आणि मुलगी...

"आईच्या साड्यांचं विचारते," काकू म्हणाल्या.

मी गप्प झाले. सिनेमात किमोनो आहे, एवढाच फरक.

"तुम्ही पाहिलाय का हा?"

"हा नाही पाहिला. पण 'ऊनपाऊस' पाहिला न."

आणि मला माझ्याच बधिरपणाचं हसू आलं. राजा परांजपे यांचा 'ऊनपाऊस', 1954 चा. परांजपे आणि सुमती गुप्ते. म्हातारपणी मुलांमध्ये वाटले गेलेले आईबाप. म्हणजे टोकियोच्या नंतर एका वर्षाने मराठीत तेच दुखणं. भाऊंनी लगेच हिशेब जोडला. याच्या आधी 1937 मध्ये अमेरिकेत लिओ मॅकॅरीने 'मेक वे फॉर टुमारो' काढला होता, त्यातही म्हातारा मुलीकडे आणि म्हातारी मुलाकडे. तो सिनेमा ओझूचा लेखक सोबती कोगो नोदा याच्या डोक्यात होता, तिथून 'टोकियो स्टोरी' निघाली. पुढे आपल्याकडे 1998 चा 'तू तिथे मी' आला, मोहन जोशी आणि सुहास जोशींचा, आणि 2003 मध्ये हिंदीत 'बागबान'. पाच सिनेमे, तीन देश, एकच म्हातारा, एकच म्हातारी.

"मग त्या जपान्याने वेगळं काय केलं?" काकूंनी विचारलं. दिग्दर्शक करतो तरी काय, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला.

मी सांगितलं, तो कुणाला खलनायक करत नाही. मुलगी दुष्ट नाही, फक्त कामात आहे. आणि तो कॅमेरा खाली ठेवतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर. सगळं घर आपण पाटावर बसून पाहतोय असं वाटतं. आणखी एक. सिनेमाच्या सुरुवातीला म्हातारा-म्हातारी सामान भरत असतात तेव्हा शेजारीण खिडकीतून डोकावते, मुलांकडे चाललात, मजा आहे म्हणते. शेवटी म्हातारा एकटा बसलेला असतो, मुलं निघून गेलेली, आणि तीच शेजारीण त्याच खिडकीशी थांबते, आता एकटं वाटेल हो तुम्हाला म्हणते, आणि पुढे जाते.

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. कूलरच्या पंपाचा आवाज येत होता.

"म्हणजे शेवटी शेजारीणच उरली."

"हो."

"त्याची मुलं किती होती, या तुझ्या ओझूची?"

"लग्नच केलं नाही त्याने. आईजवळ राहिला. ती गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत, बरोबर साठाव्या वाढदिवशी, 1963 मध्ये गेला."

"लग्न नाही, पोरं नाहीत, आणि सुनेचं, मुलीचं, जावयाचं सगळं बरोबर ठाऊक!" काकू डबे उचलत म्हणाल्या. "भिंतीशी उभं राहून ऐकलं असेल बाप्पा लोकांचं."

यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. पलीकडे फाटकाशी भाजीवाली टोपली टेकवून बसली होती आणि काकू सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, निवडता निवडता तिला काहीतरी सांगत होत्या. कान दिल्याशिवाय राहवेना. "म्हातारा-म्हातारी निघाले वरुडहून. मुलगा पुण्याले डॉक्टर. मुलीचं पार्लर. मग मुलांनी काय केलं, पैसे जमवले आणि दोघांनाही शिर्डीले पाठवून दिलं, म्हणजे घरात कटकट नाही..." भाजीवाली म्हणाली, "असंच करतात." पुढे सासरा सुनेला सासूचं घड्याळ देतो, त्याच्या काकूंनी पाटल्या करून टाकल्या होत्या. शेजारीण मात्र जशीच्या तशी ठेवली होती. उलट थोडी वाढवली होती. त्यांच्या गोष्टीत ती रोज संध्याकाळी वाटीभर भाजी घेऊन येते.

संध्याकाळी मी भाऊंना तक्रार केली की काकूंनी ओझू पार वरुडला नेऊन ठेवला. भाऊ हसले. "मग काय झालं? फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला, 'लाइफ ऑफ ख्राइस्ट'. पाहता पाहता त्यांना ख्रिस्ताच्या जागी राम-कृष्ण दिसाले लागले. बायकोलेही नेऊन दाखवला. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाला तो त्यातूनच. आपला सिनेमा जन्मला तोच असा. वहिनींनी तेच केलं."

एक सांगायचं राहिलं. भाजीवालीला ती गोष्ट काकूंनी सुरू कशी केली, तेही मी दोरीआडून ऐकलं होतं. मला दोन उन्हाळे ज्या बाईने एक नाव पुरं बोलू दिलं नाही, ती म्हणत होती, "जपानात ओझू म्हणून एक माणूस होऊन गेला. लग्न नव्हतं केलं त्यानं. त्याची गोष्ट आहे ही, माझी नाही."

तेव्हा चांगला सिनेमा पाहिलात तर शेजारी सांगा. गावं बदला, घड्याळाच्या पाटल्या करा, काही बिघडत नाही. नाव तेवढं गाळू नका.